एक चमचा औषध म्हणजे किती?

लहान भावंडाला ताप आला, की “त्याला एक चमचा औषध दे” असे घरात कोणीतरी सांगते. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र अशा वेळी दोन प्रश्न पडले पाहिजेत. चमचा कोणता? आणि त्यात औषध किती?

तापावरील पॅरासिटामॉलचे उदाहरण घेऊ. बालकाला एका वेळी दर किलोग्रॅम वजनामागे साधारणपणे १० ते १५ मिलिग्रॅम औषध देतात. १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने १६ किलोग्रॅम वजनाच्या मुलाची मात्रा १६ × १५ = २४० मिलिग्रॅम होते. परंतु बाटलीतून आपण मिलिग्रॅम नव्हे, मिलिलिटर मोजतो!

आता बाटल्यांवरील लेबले वाचा. एका पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, तर दुसऱ्याच्या तेवढ्याच भागात २५० मिलिग्रॅम. तान्ह्या मुलांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे २४० मिलिग्रॅमसाठी पहिल्या बाटलीतून १०, दुसरीतून ४.८ आणि तिसरीतून केवळ २.४ मिलिलिटर औषध घ्यावे लागेल. समजा, चुकून थेंबांच्या बाटलीतलेच १० मिलिलिटर दिले. मुलाच्या पोटात १,००० मिलिग्रॅम जातील. दिवसातून चार वेळा हीच चूक झाली, तर प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मात्रा त्या चिमुकल्याला मिळेल.

मग शरीरात काय घडते? यकृत बहुतेक औषधाचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करते आणि ते लघवीवाटे बाहेर पडतात. थोड्या भागापासून मात्र एक विषारी पदार्थ बनतो. यकृतातील ग्लुटाथायोन हे संयुग त्याला निष्प्रभ करते. मात्रा फार वाढली, की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि ते विष यकृताच्या पेशी नष्ट करू लागते. पहिल्या दिवशी रुग्णाला अनेकदा फारसा त्रास जाणवत नाही, हीच यातील फसवी गोष्ट! ॲसिटिलसिस्टीन हा यावरील उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत गुणकारी ठरतो. म्हणून जास्त औषध गेल्याची शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अशा चुका टाळण्यासाठी परिचारिकांना पाच गोष्टी तपासायला शिकवतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल असते. तापाच्या औषधासोबत ते दिले, तर मात्रा नकळत वाढते. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवतात, ते आधीच्या औषधाचा निचरा व्हावा म्हणून.

एक सोपा प्रयोग करून पाहा. औषधासोबत मिळणारे मापाचे झाकण स्वच्छ धुऊन घ्या. घरातील निरनिराळ्या चमच्यांत पाणी भरून ते एकेक करून झाकणात ओता आणि मिलिलिटर वहीत नोंदवा. सगळे चमचे ५ मिलिलिटरचे निघतात का?

येथील गणित समजून घेण्यासाठी आहे. मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम. पण लेबल वाचणे, मापानेच औषध मोजणे आणि शंका आल्यास विचारणे, एवढे तर तुम्हांला आजपासूनच करता येईल.