पहिली आली, तरी करंडक दुसरीला!

दुबईत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या कुणी हिवाळ्यात किनाऱ्यावर उभे राहून यॉटची शर्यत पाहिली, तर त्यास कोडे पडल्यावाचून राहत नाही. सर्वांत पुढे आलेली डौलदार नौका बक्षीस समारंभात टाळ्या वाजवीत बसते आणि करंडक नेते मागाहून आलेली कुणी साधीसुधी नौका! यात लबाडी काही नाही. शां द मार्सवर तगड्या घोड्याच्या पाठीवर जादा वजन ठेवतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. इथे वजनाऐवजी वेळ वाढवितात वा घटवितात, इतकेच.

दुबई–मस्कत या सुमारे ३६० सागरी मैलांच्या शर्यतीत आय.आर.सी. ही पद्धत वापरली गेली आहे. इंग्लंड व फ्रान्समधील दोन संस्था मिळून ती चालवितात. लांबी, वजन, पाण्याखालची खोली आणि शिडांची मापे पाहून प्रत्येक नौकेस एक गुणक मिळतो. समजा, मोठ्या नौकेचा गुणक १.०८० आणि छोटीचा ०.९२०. मोठी ३०० मिनिटांत आली, छोटी ३४० मिनिटांत. गुणाकार केला की मोठीची वेळ ३२४ मिनिटे होते, छोटीची ३१२.८. छोटी सव्वाअकरा मिनिटांनी जिंकली! गुणक काढण्याचे सूत्र मात्र गुप्त ठेवलेले आहे. नौका बांधणाऱ्यांनी त्यातल्या पळवाटा शोधू नयेत म्हणून. आम्हांस ही युक्ती पटते.

खरी गंमत शिडांत आहे. मुख्य शीड नुसते उंची-रुंदीने मोजत नाहीत. वर टोकाकडे ते किती रुंद आहे हेही पाहतात, कारण वरचा वारा जोरदार असतो. वारा पाठीमागून असता फुग्यासारखे फुगणारे शीड म्हणजे स्पिनेकर. ते तीनपर्यंत बाळगता येतात; चौथे घेतले की गुणक वाढतो. स्पिनेकर न लावता धावणाऱ्या नौकेस निराळा, कमी गुणक मिळतो.

कुटुंबासह सहलीला निघणाऱ्या मंडळींच्या नौकेत पुढचे शीड बहुधा पडद्यासारखे गुंडाळण्याचे असते. त्यासाठीही सवलत मिळते. पण ती दानधर्म समजू नये, तो करार आहे. पुढचे शीड एकच आणि मोठे असावे लागते. शर्यतीत ते बदलून दुसरे लावायचे नाही, तुफानातले छोटे शीड तेवढे अपवाद. आता दुबईचा वारा पाहा. सकाळी मंद, दुपारनंतर समुद्रावरून भरून येणारा, आणि वायव्येचा ‘शमाल’ सुटला तर धडकी भरविणारा. तीन-चार शिडे बाळगणारा वाऱ्याप्रमाणे शीड बदलतो. सवलत घेतलेला बिचारा तेच शीड अर्धे गुंडाळून पुढे रेटतो, आणि अर्धे गुंडाळलेले शीड बेढब होते. या तोट्याची भरपाई म्हणजे ती सवलत. ती घेऊन कुणी गुपचूप दुसरे शीड चढविले, तर भर समुद्रात पंच कुठला पाहायला? शेजारच्या नौकेने तक्रार गुदरावी लागते, अन् ती सिद्ध झाली की शर्यत बाद.

सगळ्या नौका एकाच घडणीच्या असल्या, तर हा हिशोबच नको. अबू धाबीच्या ‘अझ्झाम’ने २०१४-१५ची व्होल्व्हो जगप्रदक्षिणा जिंकली, ती अशाच एकसारख्या नौकांमध्ये.

अरबांची आपली शर्यतही बिनहिशोबाची. १९९१ पासून चाललेली ‘अल गफ्फाल’, म्हणजे मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचे हंगामाअखेर घरी परतणे. सीर बू नुऐर बेटावरून साठ फुटी लाकडी धाव दुबईकडे निघतात. लांबी सर्वांची सारखी, म्हणून गुणक नाही नि गुणाकार नाही. आपल्या माएबूरच्या पिरोगांसारखेच, रेषा आधी ओलांडील त्याचे बक्षीस.