लाँगबोर्डला कोणती फिन लावायची? होडी ओळखणाऱ्यांसाठी चार गोष्टी



मागच्या हंगामात एका पाहुण्याने जाताना आपल्या पोरांना त्याची जुनी लाँगबोर्ड देऊन टाकली. नऊ फूट लांब, जड, कुठे भेग नाही. फक्त खालची फिन हरवलेली. आम्ही म्हटलं, फिन म्हणजे काय, एक तुकडा. मिळाली ती पाच इंची आणून बसवली.

पुढचे चार दिवस एकच प्रकार. पोरगं उभं राहिलं की फळीची शेपटी घसरायची, फळी लाटेला आडवी व्हायची आणि पोरगं पाण्यात. पाचव्या दिवशी उलटलेल्या फळीची फिन एकाच्या मांडीला लागली. तीन टाके पडले.

चूक पोराची नव्हती, फळीचीही नव्हती. चूक आमची. इतकी वर्षं होड्या चालवतो, होडीला पठाण कशासाठी लागतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. पण फळी उलटी करून तोच विचार तिच्यावर करायचं काही डोक्यात आलं नाही. म्हणून हे लिहितोय. घरात कुणी पोरगा-पोरगी फळी घेऊन समुद्रात जात असेल तर वाचा.

फिन आली ती बोटीवरूनच

पूर्वी हवाईमधल्या फळ्यांना खाली काहीच नसायचं. गुळगुळीत पोट. फळी घसरायला लागली की लोक एक पाय पाण्यात टाकून तिला वळवायचे. 1935 मध्ये टॉम ब्लेक नावाच्या माणसाने वाइकिकीला एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीचा कील काढला आणि आपल्या फळीखाली बसवला. फळी सरळ धावायला लागली. सर्फबोर्डची पहिली फिन ती हीच.

पुढे 1960 च्या दशकात जॉर्ज ग्रीनो याने कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, शेपटीकडे बघून बारीक टोकाची, लवणारी फिन बनवली. म्हणजे ही सगळी विद्या बोटीकडून आणि माशाकडून आलेली. आपल्याला ती परकी नाही.

काम साधं आहे. वारा आडवा असला की पठाण नसलेली होडी वाऱ्याखाली सरकत जाते. फळीला लाट बाजूने ढकलते तेव्हा तसंच होतं. फिन त्या सरकण्याला अडवते, मग लाटेचा जोर पुढे जाण्यात लागतो.

पण कील सगळीकडे हवाच असं नाही. आपली काळी नदी बघा. जोयडा तालुक्यात दिग्गीला उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. मध्ये गणेशगुडीला पर्यटकांचे रबरी राफ्ट चालतात, त्यांचं पोट सपाट. तिथे कील लावला तर पहिल्याच खडकात अडकेल. तीच नदी मुखाला आली की होडीला पठाण लागतं. नदी एक, पाणी वेगळं, म्हणून बूडही वेगळं. फिन निवडताना हेच धरून चालायचं: आधी आपलं पाणी बघा, मग फळी, मग माणूस. दुकानातल्या फोटोवरून निवडू नका.

पहिली गोष्ट: माप

लाँगबोर्ड म्हणजे साधारण नऊ फूट किंवा त्याहून लांब फळी. तिला मधोमध एकच फिन लावायची असेल तर जुना हिशोब सोपा आहे: जितके फूट फळी, तितके इंच फिन. नऊ फुटाला नऊ इंच. माप घ्यायचं ते फळीच्या पोटापासून फिनच्या टोकापर्यंत खोलीचं.

हा हिशोब सुरुवातीचा. माणूस वजनदार असेल तर अर्धा-एक इंच वाढवा. चाळीस-पंचेचाळीस किलोचं पोर असेल तर आठ इंचीही चालते, कारण मोठी फिन वळवायला पायात जोर लागतो. आमची पाच इंची कुठल्याच हिशोबात बसत नव्हती.

दुसरी गोष्ट: आकार

फिनची पुढची कड किती मागे झुकली आहे ते बघा.

फार झुकलेली, माशाच्या परासारखी फिन लांब, संथ वळण घेते आणि सरळ धावते. उभी, टोकाला रुंद असलेली फिन जागच्या जागी वळते आणि शेपटी पाण्यात धरून ठेवते. फळीच्या नाळेवर चालत जाऊन उभे राहणारे लोक ही दुसरी पसंत करतात. बूड रुंद असेल तर फळीला धाव जास्त, टोक पातळ आणि लवचिक असेल तर वळण मऊ.

शिकणाऱ्याला दोन्हींच्या मधली, थोडी झुकलेली फिन बरी. नाळेवर चालायचं नंतर बघू.

तिसरी गोष्ट: एक की तीन?

बऱ्याच लाँगबोर्डना मधली मोठी फिन आणि दोन बाजूंना दोन लहान फिन लावायची सोय असते. बाजूच्या फिन म्हणजे काहीशी होडीच्या उलांडीसारखी सोबत समजा. उलांडी तरंगून आधार देते, या फिन पाण्यात धरून आधार देतात, एवढाच फरक. लाट उभी आणि जोरदार असली की फळी कडेवर तिरपी होते, मधली फिन अर्धी पाण्याबाहेर येते, तेव्हा आतल्या बाजूची लहान फिन पकड सोडत नाही.

बाजूच्या लावल्या तर मधली लहान करायची. नऊ इंचाऐवजी सात इंच, आणि बाजूला साधारण साडेतीन-चार इंची. मधली नऊ इंची तशीच ठेवून वर दोन लावल्या तर फळी जड होते, वळतच नाही.

आपल्याकडे कारवारचा किनारा बेटांच्या आणि डोंगरांच्या आडोशाला आहे. पावसाळा सोडला तर लाट बहुतेक लहान आणि संथ. अशा पाण्यात एकच फिन पुरते. खर्च कमी, आणि पडल्यावर लागायला दोन कडाही कमी. गोकर्णकडे मोकळ्या किनाऱ्यावर लाट वाढली की मग बाजूच्या दोन लावा.

चौथी गोष्ट: पुढे की मागे?

मधल्या फिनचा खाचा लांब असतो, फिन त्यात पुढे-मागे सरकते. मागे नेली की फळी स्थिर, सरळ, पण वळायला हट्टी. पुढे आणली की हलकी वळते, पण लवकर घसरते. मधोमध बसवून सुरुवात करा. मग एका वेळी पाव इंचच हलवा आणि दोन दिवस त्यावर जा. फिनचं टोक नेहमी शेपटीकडे झुकलेलं हवं. हसू नका, आम्ही उलटी बसवलेली फिन स्वतः पाहिली आहे.

आता जाळ्यांचं

हे कुठल्या दुकानात सांगणार नाहीत. नऊ इंची फिन म्हणजे पाण्याखालचा आकडाच. दोर, जाळं, जे येईल ते त्यात अडकतं. उभी फिन दोर धरून ठेवते, झुकलेल्या फिनवरून दोर सुटायची आशा तरी असते. पण आशेवर जाऊ नका. रापण, कारवारकडची रांपण, टाकलेली असेल तर त्या पट्ट्यात फळी न्यायचीच नाही. फाटलं तर जाळं एका घराचं, आणि अडकलेलं पोर दुसऱ्या घराचं. पोरांच्या पायाला फळीचा पट्टा बांधलेला असतो, त्यामुळे फळी अडकली की पोरही अडकतं. रापणीच्या लोकांना विचारा, मग उतरा.

वाळूच्या पट्ट्यावरही तेच. गुडघाभर पाण्यात मोठी फिन तळाला टेकते, फळी जागीच थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. ओहोटीला काठाजवळ येण्याआधीच फळीवरून उतरा. पडताना सपाट पडा, वर येताना हात डोक्यावर धरा.

सांभाळ

नवीन फिनची कड धारदार असेल तर बारीक पॉलिश पेपरने बोथट करा. आम्ही हे केलं असतं तर कदाचित टाके वाचले असते. शिकणाऱ्याला कडा मऊ असलेली फिन मिळाली तर उत्तम. दररोज गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खाऱ्या पाण्याने स्क्रू धरतो. स्क्रू हाताच्या जोराने घट्ट करा, फार पिळला तर आटे जातात. एक जादा स्क्रू आणि प्लेट जवळ ठेवा. आमची मूळ फिन बहुधा स्क्रू ढिला राहूनच गेली.

पोरं काय करतात म्हणून विचारता?

काही जण म्हणतात, हे श्रीमंतांचे चाळे. पण मुलकीला 2004 पासून सर्फ क्लब आहे. उडुपीजवळच्या कोडी बेंग्रे या मच्छीमार गावात इशिता मालवीय आणि तुषार पाथियन यांनी 2007 मध्ये क्लब सुरू केला. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मूर्ती मेगवन या मच्छीमारानेच मुलांसाठी सर्फ शाळा उभी केली. देशातले कितीतरी चांगले सर्फर आज तमिळनाडूच्या मच्छीमार वस्त्यांतून आलेले आहेत. त्यांना लाट, ओढ आणि वारा घरातूनच कळत होता. आपल्या पोरांनाही कळतो.

फक्त एक लक्षात असू द्या. जून-जुलैच्या बंदीत बोटी वर असतात, पोरं मोकळी असतात, हात शिवशिवतात. त्या दिवसांत फळी घरातच राहू दे. तेव्हाच्या समुद्राला कुठलीच फिन पुरत नाही. पाऊस सरल्यावर, सकाळी मतलई वारा असताना लाट गुळगुळीत येते. शिकायचं तेव्हा.

त्या फळीला आता नऊ इंची, थोडी झुकलेली फिन आहे. टाके पडलेलं पोरगं पहिल्याच सकाळी सरळ काठापर्यंत आलं. आल्या आल्या त्याने काय केलं, तर फळी उलटी करून स्क्रू तपासला. आम्हाला त्याचं जास्त बरं वाटलं.