कॅन्सरचं निदान आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत

घरात कुणाला कॅन्सर निघाला की पहिले दोन दिवस कुणालाच काही सुचत नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र प्रत्येकाला काहीतरी सुचायला लागतं. मामा म्हणतात मुंबईला न्या, काकू म्हणतात इथेच ऑपरेशन उरकून घ्या, कुणी एखाद्या वैद्याचा नंबर पाठवतं. या सगळ्यात रिपोर्ट वाचू शकणारं, फॉर्म भरू शकणारं घरातलं माणूस म्हणजे बहुतेक वेळा कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी. फाईल आपल्याच हातात येते. म्हणून या फाईलचं नेमकं काय करायचं, हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

उज्जैनच्या देवास गेटचं उदाहरण घेऊ. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्याआधी उज्जैनला होती. त्यामुळे इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. देवास गेटचा बसस्टँड आणि रेल्वे स्टेशन अगदी जवळजवळ आहेत. इथून बस पकडली की सुमारे ५५ किलोमीटरवर इंदूर. तिथे महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे सगळे ज्याला ‘एमवाय’ म्हणतात ते, आणि इतर मोठी रुग्णालयं आहेत. स्टेशनवरून अवंतिका एक्स्प्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई, आणि परळचं टाटा मेमोरियल. रस्ते दोन्ही उघडे आहेत. प्रश्न असतो तो निघण्याआधी काय करायचं आणि सोबत काय न्यायचं याचा.

दुसरं मत म्हणजे अविश्वास नव्हे

‘डॉक्टरांना राग येईल’ ही आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण. पण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीतही रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यावीत असं म्हटलं आहे. म्हणजे आपण मेहरबानी मागत नाही. तरीही बोलताना सरळ, नम्र बोलावं: “डॉक्टरसाहेब, उपचार मोठे आहेत. घरच्यांचं मन स्थिर व्हावं म्हणून आम्ही एकदा दुसरीकडे दाखवून येतो. काय काय कागद न्यावेत ते सांगाल का?” अनेक चांगले डॉक्टर यावर स्वतःच चिठ्ठी लिहून देतात.

दुसरं मत घेतलं म्हणजे पहिलं चुकीचं ठरतं, असंही नाही. शरद पवारांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत त्यांना तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं. ते न्यूयॉर्कला गेले, तर तिथल्या डॉक्टरांनी त्यांना भारतातल्याच तज्ज्ञांकडे जायला सांगितलं. पुढे मंत्रिपद सांभाळत त्यांनी रेडिएशनच्या ३६ फेऱ्या घेतल्या. एका डॉक्टरने आपल्याला सहाच महिने दिले होते, हेही त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. दुसरं मत कधी कधी एवढंच सांगतं की घराजवळचा उपचार योग्य आहे. तेवढं कळलं तरी मन लावून उपचार घेता येतात.

आधी रिपोर्टची भाषा

आपण साहित्य मंडळाची माणसं, शब्दांकडे नीट बघायची सवय असते. ती इथे कामाला येते. रिपोर्टवर ‘सस्पिशस’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ संशय, खात्री नव्हे. सुईने पेशी काढून केलेली तपासणी आणि तुकडा काढून केलेली बायोप्सी यांत फरक आहे. कॅन्सरचा नेमका प्रकार ठरवायला बहुतेक वेळा बायोप्सी लागते. ‘ग्रेड’ आणि ‘स्टेज’ यांची गल्लत तर घरोघरी होते. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात ते ग्रेड. आजार शरीरात किती पसरलाय ते स्टेज. ग्रेड तीन वाचून ‘तिसरी स्टेज आली’ म्हणून घरात रडारड झाली, असं होऊ शकतं. तसं होऊ देऊ नका.

सोबत काय न्यायचं

नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. दुसरे डॉक्टर दुसऱ्याचं वाक्य वाचून मत देत नाहीत, त्यांना मूळ पुरावा बघायचा असतो. म्हणून हे सगळं जमवा:

१. बायोप्सीच्या काचेच्या स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक. काढलेला तुकडा मेणात जपून ठेवतात, त्यालाच ब्लॉक म्हणतात. लॅबला अर्ज देऊन ते घ्या, आणि काय घेतलं त्याची नोंद ठेवा. ही वस्तू हरवली तर कदाचित पुन्हा तुकडा काढावा लागेल. उन्हातही ठेवू नका, मेण वितळतं.
२. सीटी, एमआरआय, पेट स्कॅनची सीडी. फक्त छापील फिल्म नको.
३. रक्ताचे रिपोर्ट, आधी ऑपरेशन झालं असेल तर त्याची टिपणं आणि डिस्चार्ज कार्ड.
४. चालू औषधांची यादी. मधुमेह, बीपी, हृदयाचा त्रास असेल तर तोही लिहा.

सगळं तारखेप्रमाणे लावा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मूळ कागद कुणाकडे आहेत हे घरात दोघांना तरी माहीत असू दे.

कुठे विचारायचं

टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटांचा रक्ताच्या कॅन्सरने मृत्यू झाला. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले होते. तशी सोय आपल्या देशात व्हावी, या विचारातून हे रुग्णालय उभं राहिलं. पण आज प्रत्येकाने परळ गाठलंच पाहिजे असं नाही. २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं. त्यात देशभरातली तीनशेहून अधिक रुग्णालयं आणि संस्था जोडलेल्या आहेत, आणि उपचारांची एकसारखी पद्धत ठरवण्याचं काम तिथे चालतं. रिपोर्ट ऑनलाईन पाठवून तज्ज्ञांचं मत घेण्याची ‘नव्या’ ही सेवाही टाटा आणि ग्रिडच्या साथीने चालते. आजारी माणसाला दगदग न करता हे करता येतं.

मुंबईला जावंच लागलं तर राहण्याचा प्रश्न येतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. जागा आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या. आणि मत मुंबईचं घेतलं तरी उपचार गावाजवळ होऊ शकतात. मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांतून केमो देण्याची सोय झाली आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “हीच औषधं आम्हाला उज्जैनला किंवा इंदूरला घेता येतील का?” कित्येक महिन्यांचं भाडं आणि बुडणारी रोजी वाचते.

किती थांबायचं

गाठीच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये एक-दोन आठवड्यांनी फार बिघडत नाही. पण काही ठिकाणी थांबायला वेळच नसतो. वेगाने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, जोरात रक्तस्राव, श्वास अडकणं, मणक्यावर दाब येऊन पाय लुळे पडणं, अशा वेळी आधी उपचार, मग मतं. म्हणून पहिल्याच डॉक्टरांना विचारायचं, “आम्ही किती दिवस थांबू शकतो?” जी मुदत सांगतील ती पाळायची.

दोन मतं जुळली नाहीत तर घाबरू नका. फरक नेमका कशात आहे ते बघा: निदानात, स्टेजमध्ये, की फक्त आधी केमो की आधी ऑपरेशन या क्रमात? दुसऱ्यांचं लेखी मत पहिल्यांना दाखवा. मोठ्या रुग्णालयांत सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. आपली केस तिथे ठेवाल का, असं विचारता येतं. मात्र हवं तेच उत्तर मिळेपर्यंत पाचवा, सहावा दवाखाना शोधत राहिलो तर त्यात आजार पुढे सरकतो. आणि स्लाईड न बघता ‘गॅरंटी’ देणारा माणूस, मग तो कुणीही असो, दुसरं मत देत नसतो. महाकालाला नवस जरूर बोला, पण केमोची तारीख चुकवू नका.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे “आईला काही सांगू नका” म्हणत सगळं ठरवलं जातं. पण शरीर आईचं आहे. बऱ्याचदा तिला सगळं कळलेलंही असतं, आपल्याला त्रास नको म्हणून ती गप्प असते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना तिला विचारा, किती ऐकायचंय, कुणासमोर ऐकायचंय, आणि तिचे स्वतःचे प्रश्न कोणते. ते वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच शब्दांत लिहा. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपले प्रश्न नंतर विचारा, आधी तिचे विचारा.