निखाऱ्यांवरचा धोंडस, ओव्हनमधल्या वड्या

महाड-पोलादपूरच्या भातपट्ट्यात श्रावण-भाद्रपदात तवसं, म्हणजे मोठी पावसाळी काकडी, हाताशी येते. तांदूळ, गूळ आणि तवसं यांतून कोकणचा धोंडस, म्हणजे काकडीचा केक, होतो. मैदा नाही, अंडे नाही, बेकिंग पावडरही नाही.

कृती : 1 वाटी तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजावा. 2 वाट्या तवशाचा कीस पाण्यासकट घ्यावा, कारण रवा त्याच पाण्यात फुलतो. त्यात पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून मिश्रण शिजवून घट्ट करावे.

भट्टी : पूर्वी जाड बुडाचे पातेले मंद विस्तवावर ठेवून झाकणावर निखारे रचत. आता तूप लावलेल्या ट्रेमध्ये 180 अंश सेल्सियसवर 40 ते 45 मिनिटे पुरतात. पूर्ण निवल्यावरच वड्या कापाव्यात. गरम असताना त्या मोडतात.

जुनी मापे : अशा कृती जुन्या पाककृतींच्या पुस्तकांतून करताना मापांकडे लक्ष द्यावे लागते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910चे, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970ची. ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापे असल्याने अडचण येत नाही. मेट्रिक पद्धतीआधीच्या पुस्तकांत मात्र तोळे आणि शेर भेटतात. 1 तोळा म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम, 80 तोळ्यांचा पक्का शेर सुमारे 933 ग्रॅम.

मुंबईचा शेर याहून बराच लहान होता. म्हणून जुनी कृती करण्याआधी पुस्तकातला मापांचा तक्ता जरूर पाहावा.