जामिनावरच्या माणसावर नजर कुणाची?

आरोपीने गूगल मॅपवर पिन टाकून आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला दिसता ठेवायचा, ही जामिनाची अट सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी रद्द केली. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या या निकालाचे स्वागतच. पण आपल्याकडे हर्सूल कारागृहातून सुटणाऱ्या सामान्य माणसाच्या वाट्याला पिन क्वचितच येते. त्याला असते ती हजेरी.

‘दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत दर रविवारी दहा ते बारा ठाण्यात हजर राहावे.’ एका आदेशात रविवार, दुसऱ्यात एक दिवसाआड, तिसऱ्यात थेट तालुकाबंदी. गुन्हा एकाच कलमाखालचा असला तरीही. ठाणे अंमलदार वहीत सही घेतो, नाहीतर ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, बसा’ म्हणतो आणि रोजंदारी बुडते. पैठण-कन्नडकडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर गेला की अट मोडलीच. मग जामीन रद्द करा म्हणून सरकार पक्षाचा अर्ज.

अमेरिकेत या देखरेखीसाठी स्वतंत्र कार्यालये आहेत. तिथेही परगण्यागणिक रीत वेगळी: कुठे तारखेची आठवण देणारा फोन, कुठे पायात जीपीएसचे कडे आणि त्याचे शुल्कही आरोपीच्याच माथी. या व्यवस्थेची सुरुवात १९६१च्या ‘मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट’पासून झाली. न्या. भगवती यांनी १९७९मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात त्याचाच दाखला दिला होता. त्यांचे सांगणे असे: आरोपी किती वर्षे इथे राहतो, काम काय करतो, घरी कोण आहे हे तपासा. मुळे पक्की असतील तर जातमुचलक्यावर सोडा. याला चार दशकांहून अधिक काळ लोटला. ही विचारपूस करणारी यंत्रणा आपण उभारलीच नाही, आणि गरीब माणूस अजून ऐपतदाखल्यासाठी, सातबारा असलेल्या जामीनदारासाठी दारोदार फिरतो. याचा मला मनापासून संताप येतो.

वाट मात्र मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३च्या आदेशानुसार, जामीन मिळूनही कैदी सात दिवसांत सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे आणि परिवीक्षा अधिकारी किंवा विधी स्वयंसेवकाच्या मदतीने त्याच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अहवाल तयार करता येतो. हाच अहवाल जामिनाच्या सुनावणीआधी मागवावा. न्यूयॉर्कमध्ये तारखेआधी एसएमएस पाठवल्यावर गैरहजेरी घटली; आपल्या ई-कोर्ट सेवेतही एसएमएसची सोय आहेच. आधी आरोपीचा मोबाइल क्रमांक तिथे नोंदवा, ठाण्यातल्या हजेरीचे नंतर बघू.