पुण्यातला 'झोहर', मास्ट्रिख्टच्या टेबलावर

मास्ट्रिख्टला पाहुणे आले की आम्ही त्यांना गावातल्या एका बोळात नेऊन १८४० सालचं सिनेगॉग दाखवतो. १९४२ साली इथल्या ज्यूंना पकडून नेलं. परत आले ते फार थोडे. तेव्हा इथे मराठी मंडळींनी एकत्र जमून ज्यूंचा गूढग्रंथ वाचावा, हे ऐकून कुणी भुवया उंचावल्या तर नवल नाही!

निमित्त झालं आमच्यातल्या एका वहिनींचं. माहेर रेवदंड्याचं, घराणं बेने इस्राएल. पेसाखच्या सणाला वाचायची हग्गादा, म्हणजे मिसरमधून सुटकेची कथा, त्यांच्या घरी मराठीसह असे. तशी मराठी भाषांतर असलेली हग्गादा पुण्यात १८७४ सालीच छापली गेली होती. त्यातलं 'हद गद्या', म्हणजे 'एक करडू', हे गाणं वहिनींना तोंडपाठ. ते हिब्रू नसून अरामी आहे, हे मात्र त्यांना इथे आल्यावर कळलं. मग 'झोहर'ही अरामीतच, तो का वाचू नये? घरी म्हणत, चाळिशीच्या आत त्याला हात लावू नये, आणि बायकांनी तर नाहीच. वहिनी आता साठीच्या आहेत.

अरामी शिकणं वाटलं तितकं अवघड नाही. लिपी हिब्रूचीच. मात्र स्वरचिन्हं बहुधा नसतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ अंदाजाने वाचणाऱ्यांना याची सवय असेल. हिब्रूत 'तो राजा' म्हणायला 'हा' आधी लागतो, 'हामेलेख'. अरामीत शेवटी 'आ', म्हणून 'मलका'. हिब्रूतला 'बेन' म्हणजे मुलगा, इथे 'बार'. अशी चार सूत्रं कळली की ओळ हलायला लागते. दानिएल मॅट यांनी इंग्रजीत आणलेले खंड शेजारी असतातच. तरी एका रविवारी चार ओळी झाल्या तर खूप.

आता गंमत बघा. 'झोहर' स्पेनमध्ये तेराव्या शतकाच्या अखेरीस प्रकट झाला; मोझेस द लेऑन हे नाव त्याच्याशी जोडलं जातं. परंपरा मात्र तो दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योखाई यांचा मानते. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे जवळपास त्याच काळातली. ज्ञानोबांनी संस्कृतात अडकलेलं मराठीत आणलं, तर तिकडे गूढ ज्ञान आसपास कुणी बोलत नसलेल्या अरामीत ठेवलं गेलं. एकाने दार उघडलं, दुसऱ्याने कडी लावली, असं म्हणायचा मोह होतो.

ती कडी काढण्याचा एक प्रयत्न पुण्यात झाला. अब्राहम डेव्हिड एझिकेल हे पुण्याचे बगदादी ज्यू, थिऑसफीचे अनुयायी. 'झोहर'मधला 'इद्रा झुटा', म्हणजे 'लहान सभा', हा भाग त्यांनी हिब्रू लिपीतल्या अरबीत, बगदादी ज्यूंच्या घरच्या भाषेत आणला आणि १८८७ मध्ये पुण्यात छापला. लाल देवळापासून जवळच राहणाऱ्या लोकांनाही वाचता यावं म्हणून! बगदादच्या रब्बींनी मोठा आक्षेप घेतला. गुपित सामान्यांच्या हाती देऊ नये, हे त्यांचं म्हणणं. आम्हाला ते अगदीच चुकीचं वाटत नाही. अर्धवट वाचून भलतंच समजणारे कमी नसतात. पण साठीच्या वहिनींना विचारा.

'इद्रा झुटा'त रब्बी शिमोन यांचा शेवटचा दिवस आहे. शिष्य भोवती बसलेत, रब्बी अब्बा लिहून घेतायत, आणि गुरूंचा शब्द 'जीवन' म्हणता म्हणता तिथेच थांबतो. तो भाग वाचताना आमच्याकडे चहा गार झाला.

आता वहिनींनी मराठी करायला घेतलंय. 'अतीका कद्दीशा', अक्षरशः 'पुरातन पवित्र', यावर तीन आठवडे अडलोय. 'अनादि' म्हणावं असं काहींचं मत. पण अनादि म्हणजे आरंभच नसलेला, आणि 'अतीका' म्हणजे नुसता फार जुना. वहिनी म्हणतात, "जुनाच राहू दे, जुनाट नको."