द्रावणाचा शेंकडा कसा काढावा?

माण, खटाव, आटपाडी व जत या बाजूंस बाजरी पेरणारा शेतकरी असो, कीं तासगांव, मिरज अगर कवठे महांकाळ येथील द्राक्षबागाईतदार असो, ‘अमुक टक्क्यांचें द्रावण करा’ अशी शिफारस त्याच्या कानीं वर्षांतून एकदां तरी पडतेच. शिफारस सोपी दिसते. परंतु हा टक्का कशावर धरावयाचा हें नीट न कळल्यामुळें कधीं औषधाचा पैसा फुकट जातो, तर कधीं बागेचीं पानें करपतात. म्हणून या हिशेबाचें मर्म येथें थोडक्यांत देत आहों.

जो पदार्थ विरघळतो तो द्राव्य, ज्यांत विरघळतो तें द्रावक, व दोहों मिळून होतें तें द्रावण. शंभर भाग द्रावणांत वजनानें जितके भाग द्राव्य असेल, तितका त्याचा वजनी शेंकडा. रीत अशी: द्राव्याच्या वजनास सबंध द्रावणाच्या वजनानें भागावें व भागाकारास शंभरांनीं गुणावें. सबंध द्रावण म्हणजे नुसतें पाणी नव्हे. पाणी आणि द्राव्य यांची बेरीज होय. बहुतेक चुका होतात त्या येथेंच.

उदाहरणार्थ, बाजरीच्या बियांतील अरगट काढण्यासाठीं मिठाच्या २० टक्के द्रावणाची शिफारस आहे. तिची कृति म्हणजे १० लिटर पाण्यांत २ किलो मीठ. पाण्याचें वजन १० किलो, मिठाचें २ किलो, एकूण १२ किलो. आतां २ भागिले १२, गुणिले १००, म्हणजे वजनी शेंकडा १६.६७ च आला! खरा २० टक्का हवा असेल तर त्याच पाण्यास अडीच किलो मीठ लागेल, कारण २.५ भागिले १२.५ म्हणजे बरोबर एकपंचमांश. मग शिफारस चुकली काय? नाहीं. तेथें टक्का पाण्यावर धरला आहे, इतकेंच. अशा ठिकाणीं शेंकड्याच्या नांवापेक्षां दिलेल्या किलो-लिटरांवर भिस्त ठेवावी. तरंगणारें रोगट व हलकें बीं काढून नष्ट करावें, आणि तळचें बीं दोन-तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुवून सावलींत वाळवावें.

द्रावण पातळ असलें म्हणजे हा फरक नगण्य होतो. द्राक्षावरील केवड्यासाठीं वापरतात तें बोर्डो मिश्रण फ्रान्समधील मिलार्डे या शास्त्रज्ञानें १८८५ सालीं प्रसिद्धीस आणलें. एक टक्का मिश्रणास १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी घेतात. येथें टक्का मोरचुदाचा आहे, तांब्याचा नव्हे. मोरचुदाच्या खड्यांत तांबें सुमारें चौथा हिस्सा असतें. तेव्हां एक टक्का मिश्रणांत तांबें पाव टक्काच भरतें. मिश्रण झाल्यावर स्वच्छ लोखंडी सुरी त्यांत थोडा वेळ बुडवावी. पात्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडला असें समजून चुन्याची आणखी निवळी घालावी. नाहीं तर मोकळें तांबें पानें जाळतें.

पातळ द्रावणांत खरा धोका असतो तो दशांशचिन्हाचा. २०० लिटरांच्या पिंपास एक टक्क्यासाठीं २ किलो द्राव्य लागतें, अर्ध्या टक्क्यासाठीं १ किलो, तर ०.१ टक्क्यासाठीं अवघे २०० ग्रॅम. टिंब एक घर सरकलें कीं औषध दहापट होतें, आणि एकदां फवारलेलें औषध परत घेतां येत नाहीं.

बेदाण्याच्या कामीं आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. घडांवरील मेणाचा थर सैल होऊन पाणी लवकर निघावें म्हणून ते पोटॅशियम कार्बोनेट व एथिल ओलिएट यांच्या पाण्यांत बुडवितात. नेहमींचें प्रमाण १०० लिटर पाण्यास अडीच किलो कार्बोनेट व दीड लिटर एथिल ओलिएट असें आहे. यांपैकीं पहिलें वजनावर व दुसरें मापावर आहे. एक लिटर एथिल ओलिएट सुमारें ८७० ग्रॅमच भरतें, म्हणून लिटर म्हणजे किलो हा पाण्याचा नियम त्यास लावूं नये. दुसरी गोष्ट मालाच्या शुद्धतेची. पोत्यावर शुद्धता ९० टक्के लिहिली असेल, तर अडीच किलो शुद्ध द्राव्यासाठीं २.५ भागिले ०.९०, म्हणजे सुमारें २ किलो ७८० ग्रॅम माल घ्यावा लागेल.

सारांश, द्रावण करण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे: टक्का पाण्यावर कीं सबंध द्रावणावर? वजनाचा कीं मापाचा? आणि माल कितपत शुद्ध? मग अंदाजाची ओंजळ सोडून तराजू हातीं घ्यावा, व प्रत्येक पिंपांत काय किती घातलें तें वहींत टिपून ठेवावें. पुढील हंगामीं हीच टिपणें सर्वांत उपयोगी पडतील.